‘सध्या नोटरी करून घ्या’ : एका गुंठ्याच्या व्यवहारात फसवणूक नेमकी कुठे झाली

पुण्याजवळच्या एका गावातला एक गुंठ्याचा प्लॉट. किंमत साडेसहा लाख. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, पंधरा वर्षांची बचत. एजंटने सांगितलं, “तुकडेबंदीमुळे रजिस्ट्री अडकलीय. सध्या नोटरी करून घ्या, सुरू झाली की खरेदीखत करून देतो.” तुकडेबंदी म्हणजे ठरावीक मापापेक्षा लहान तुकड्यांत जमीन विकण्यावरची बंदी. एजंटने वर हेही सांगितलं की मुद्रांक आणि नोंदणी फीचे तीस-चाळीस हजार आत्ता खर्चायला नकोत. कोर्टाच्या आवारातल्या एका टेबलावर अर्ध्या तासात काम झालं. आठ महिन्यांनी तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव लावायला गेले, तेव्हा कळलं की नोटरीच्या कागदावर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल, होत नाही. आणि तोच प्लॉट दुसऱ्या एकाला नोंदणीकृत खरेदीखताने विकून झालेला आहे.

नावं आणि गाव गाळून हा व्यवहार इथे मांडतो आहोत, कारण यातली जवळजवळ प्रत्येक खूण कागदावरच दिसत होती. ती वाचायची कशी, हे त्या दिवशी त्यांना कोणी सांगितलं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नोटरी फक्त एवढंच सांगतो की अमुक माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली आणि त्याने माझ्यासमोर सही केली. कागदातला मजकूर खरा आहे, विकणारा खरंच मालक आहे, जागेवर बोजा नाही, यातलं काहीही नोटरीचा शिक्का सांगत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायला दुसऱ्याला दिलेला अधिकार), साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि पैसे दिल्याची पावती एकत्र करून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे सवलती आल्या आहेत हे खरं, पण त्या मिळतात महसूल आणि नोंदणी कार्यालयातून. नोटरीच्या टेबलावर तुकडेबंदीवर कसलाही इलाज नाही.

आता तो कागद हातात घेऊ.

पहिलं पान पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरचं. पालथं केलं की मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव दिसतं. इथे घेणाऱ्याचं नाव ना विकणाऱ्याचं होतं ना विकत घेणाऱ्याचं; तिसऱ्याच माणसाचं होतं. विक्रीची तारीख करारापेक्षा सात महिने जुनी. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार विकत घेतलेला स्टॅम्प सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. असे जुने स्टॅम्प एजंट गठ्ठ्याने जवळ ठेवतात, कारण त्यावर मागची तारीख टाकून कागद बनवता येतो. म्हणून स्टॅम्प व्यवहारातल्या पक्षाच्याच नावाने, स्वतः मुद्रांक विक्रेत्याकडे जाऊन, त्याच्या नोंदवहीत सही करून घ्या. “आमच्याकडे तयार आहे” असं कोणी म्हणालं, तर तो कागद तिथेच परत करा.

शिवाय पाचशेचा स्टॅम्प मुळातच अपुरा होता. साठेखतात “आजपासून जागेचा कब्जा दिला” असं वाक्य असलं की त्यावर विक्रीसारखाच, बाजारमूल्यावर आधारित मुद्रांक लागतो. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून वाचला जात नाही. आधी राहिलेली रक्कम आणि त्यावर दरमहा दोन टक्क्यांनी चढणारा दंड भरावा लागतो. ते तीस-चाळीस हजार वाचले असं जे वाटलं होतं, ते मुळात वाचलेच नव्हते.

दुसरं आणि तिसरं पान साध्या कागदावर टाइप केलेलं. या पानांवर खाली कोणाचीच सही नाही. चतुःसीमा आणि गट नंबर नेमके दुसऱ्या पानावर. हे पान नंतर सहज बदलता येतं, आणि टाचणीची भोकं पाहिली तर ते बदललेलं असावं असंच दिसतं : पहिल्या आणि शेवटच्या पानाला दोन जोड्या भोकं, मधल्या पानांना एकच. प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांची सही, खाडाखोड असेल तिथे बाजूला आद्याक्षरी, आणि पानाच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या जागेवर तिरकी रेघ, ही सवय कंटाळवाणी वाटते. पण बदललेलं पान पकडायला दुसरा स्वस्त उपाय नाही.

शेवटच्या पानावर नोटरीचा शिक्का. १९५६ च्या नोटरी नियमांप्रमाणे हा शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल असतो. त्यात नोटरीचं नाव, त्याला नेमून दिलेलं क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणारं सरकार, केंद्र की राज्य, हे सगळं असायला हवं. या कागदावर क्षेत्र दुसऱ्याच जिल्ह्याचं होतं. नोटरीला मिळालेलं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, मग नूतनीकरण लागतं. बरेच नोटरी मुदतीची तारीख शिक्क्यातच घालतात. इथे ती जागा पुसट होती. मुदत संपलेल्या, कधीकधी तर हयात नसलेल्या नोटरीचे शिक्के वापरात राहतात, म्हणून पुसट शिक्का दिसला की दुसरा ठसा मागा.

सगळ्यात महत्त्वाची जागा शिक्क्याच्या शेजारी असते : नोंदवहीचा अनुक्रमांक. प्रत्येक नोटरीला आपण केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठरावीक नमुन्याच्या नोंदवहीत ठेवावी लागते, आणि सही करणाऱ्यानेही त्या नोंदवहीत सही करायची असते. या कागदावर “अनु. क्र.” छापलेलं होतं आणि पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. कागदावर शिक्का आहे पण नोंदवहीत ओळ नाही, म्हणजे ती नोटरी झालेलीच नाही असं धरून चाला. तुम्ही नोंदवहीत सही केली का, हा एक प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो, आणि फसलेल्यांपैकी बहुतेकांचं उत्तर “कुठली वही?” असंच असतं.

त्याचं कारण टेबलावर काय घडलं त्यात आहे. एजंटने दोघांच्या सह्या बाहेरच घेतल्या, आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या, आणि “साहेब आत कामात आहेत” म्हणून कागद घेऊन गेला. पंधरा मिनिटांत शिक्के मारून आणले. नोटरीने यांना पाहिलं नाही, यांनी नोटरीला पाहिलं नाही. विकणारा म्हणून जो माणूस आला होता, त्याची ओळख कोणीच तपासली नाही. सही नोटरीसमोरच करायची. आधी केलेली सही घेऊन गेलात, तर काम करणारा नोटरी चुकतोय आणि तुम्हीही स्वतःचा पुरावा कच्चा करताय.

ओळखपत्रांचा भाग नीट समजून घ्या, कारण लोक इथे दोन्ही बाजूंनी मार खातात. स्वतः जाताना मूळ आधार, पॅन, आणि जमल्यास पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. नुसती झेरॉक्स चालत नाही. दोन पासपोर्ट आकाराचे फोटो न्या, आणि कागदावर चिकटवलेल्या फोटोवर अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर अशी आडवी सही करा. दोन साक्षीदार, त्यांचीही मूळ ओळखपत्रं. साक्षीदार तुमच्या ओळखीचे असावेत, आवारात उभे असलेले नसावेत. नावाचं स्पेलिंग आणि क्रम तिन्ही ठिकाणी जुळतो का ते आदल्या दिवशी पाहा. सातबाऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हा नेहमीचा घोळ आहे. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र सोबत ठेवा आणि मजकुरात दोन्ही नावं “उर्फ” लावून लिहा.

समोरच्याचं आधार तर नक्की तपासा. आधारवरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपने स्कॅन केला की नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि फोटो दिसतो. कार्डावर छापलेला फोटो आणि स्क्रीनवर दिसणारा फोटो वेगळा असेल, तर कार्ड बनावट आहे. या व्यवहारात जी झेरॉक्स जोडली होती तिचा क्यूआर कोड इतका काळपट होता की स्कॅनच होईना. झेरॉक्सवर समाधान मानू नका, मूळ कार्ड मागा. स्वतःच्या आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत द्या आणि तिच्यावर आडवं लिहा : “फक्त अमुक कामासाठी”, तारीख, सही. नाहीतर तीच प्रत सिमकार्डासाठी, कर्जासाठी किंवा दुसऱ्याच करारातल्या साक्षीदाराच्या जागी लागते. अंगठ्याचे ठसे जागोजागी द्यावे लागत असतील, तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या अ‍ॅपमध्ये ते फुकट होतं.

आता विकणाऱ्याकडे वळू. तो स्वतः मालक नव्हताच, मालकाचा कुलमुखत्यार म्हणून सही करत होता. कुलमुखत्यारपत्राची “नोटरी केलेली खरी प्रत” दाखवली होती. मूळ कागद कोणी पाहिला नाही, आणि ज्याने अधिकार दिला तो माणूस जिवंत आहे का, हे कोणी विचारलं नाही. अधिकार देणारा हा करार होण्याच्या दोन वर्षं आधीच वारला होता. साधारणपणे अधिकार देणारा वारला की कुलमुखत्यारपत्र तिथेच संपतं. म्हणून कुलमुखत्यारामार्फत व्यवहार असेल, तर मूळ नोंदणीकृत पत्र पाहा, दस्त क्रमांक लिहून घ्या, आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर तरी बोला. परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र असेल, तर ते भारतीय वकिलातीने साक्षांकित केलेलं किंवा अपॉस्टिल केलेलं (आंतरराष्ट्रीय करारानुसार तिथल्या सरकारने प्रमाणित केलेलं) हवं, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरलेला हवा. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी कुटुंबांच्या जमिनी परस्पर विकल्या जातात त्या अनेकदा याच फटीतून.

हे सगळं टाळायला खर्च किती होता? महाभूमी पोर्टलवर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गटाचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, पाहता येतात. दोन्ही पाहायला एक संध्याकाळ पुरली असती, आणि मयत मालकाचे वारस व प्रलंबित फेरफार तिथेच दिसला असता.

पैशाचं शेवटी सांगतो. साडेसहापैकी साडेचार लाख रोख दिले, दोन लाखांचा चेक एजंटच्या नावाने. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे; तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. रोखीचा आग्रह धरणारा विक्रेता हे जाणून असतो. चेक किंवा आरटीजीएस, तोही सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात, यापेक्षा वेगळं काही मान्य करू नका.

जाता जाता दोन छोट्या फसवणुकी, कारण त्या रोज घडतात. एक, अकरा महिन्यांचा भाडेकरार नोटरी केला की झालं, हे महाराष्ट्रात खोटं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. दोन, जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे. तरीही आवारात विद्यार्थ्यांच्या गळ्यात पाचशेचा स्टॅम्प मारला जातो. नोटरीने आपल्या फीचा दर कार्यालयात आत आणि बाहेर दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. तो फलक आधी वाचा आणि पैशाची पावती मागा.

असा कागद आधीच हातात असेल तर सर्वात आधी तारीख पाहा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करता येतो. त्यानंतर आणखी चार महिने, दंड भरून. विकणारा खरा मालक असेल आणि सापडत असेल, तर या मुदतीत कमी पडलेला मुद्रांक भरून त्याला दुय्यम निबंधकासमोर उभा करण्याचा प्रयत्न करा. मुदत गेली असेल किंवा माणूसच खोटा असेल, तर कागदावरच्या नोटरीला लेखी अर्ज करून त्या तारखेच्या नोंदवहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत मागा, आणि अर्जाच्या स्वतःच्या प्रतीवर पोच घ्या. नोंद नाही असं लेखी मिळालं, तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. त्यासह पोलिसांत तक्रार करताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) आणि ३३६ ते ३४० (बनावट दस्त) यांचा उल्लेख करा. नोटरीच सामील असेल, तर त्याच्या गैरवर्तनाची तक्रार नोटरी नियमांतल्या नमुना तेरामध्ये, त्याची नेमणूक करणाऱ्या सरकारकडे वेगळी द्यावी लागते. नोटरी म्हणून केलेल्या कामातल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय घेत नाही, त्यामुळे नुसत्या एफआयआरवर थांबलात तर त्याच्यापुरतं प्रकरण तिथेच अडकतं. पैसे परत मिळवण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. या कुटुंबाचे त्यातले आठ महिने आधीच गेले होते.