चहाला नको, रश्शाला चालेल: दुकानातले व्हेगन पदार्थ

पुण्या-मुंबईच्या मोठ्या सुपरमार्केटात हल्ली एखादा कप्पा आणि फ्रीझरचा एक कोपरा व्हेगन, म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीही (दूध, मधसुद्धा) नसलेल्या मालासाठी राखलेला असतो. रोजच्या किराण्यात बसावं असं त्यात फारसं काही नाही. ओटचं लिटरभर पेय तीनशे रुपयांच्या घरात जातं, तर गायीचं दूध साठीच्या आसपास मिळतं. पण एखाद्या रविवारी गंमत म्हणून, किंवा दूध न चालणारा पाहुणा जेवायला येणार म्हणून यातलं काही आणायचं असेल, तर निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. मसाला, वाटण किंवा नारळ जिथे पदार्थ तोलून धरतो, तिथे हे पैसे वसूल होतात. जिथे दुधाचीच चव लागते, तिथे नाही.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून मात्र समाधान मानू नका. तो शाकाहाराचा आहे. दूध, तूप, मध सगळं त्यात बसतं. व्हेगनसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, चिन्ह वेगळं आहे: हिरव्या चौकटीत व्ही आणि त्याला फुटलेलं पान. याचे नियम 2022 चे आहेत. चिन्ह दिसलं नाही तर घटकांची यादी वाचावी. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट ही दुधापासूनच्या घटकांची नावं मसाला वेफर्समध्ये, पावात, अगदी डार्क चॉकलेटमध्येही सापडतात. सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये. आइस्क्रीम लिहिलेलं नाही म्हणजे दूध नसणार, असं वाटतं. प्रत्यक्षात दुधातल्या चरबीच्या जागी वनस्पती तेल आलेलं असतं आणि मिल्क सॉलिड्स बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

आता चहा. मराठी घरात या मालाची पहिली परीक्षा इथेच होते आणि बहुतेक डबे इथेच नापास होतात. बदामाच्या पेयात बदाम साधारण 2 ते 4 टक्के असतात, बाकी पाणी आणि ते एकजीव ठेवणारा डिंक. आलं घालून खळखळ उकळलं की ते फाटल्यासारखं दिसतं आणि चहा पाणचट लागतो. सोयात 100 मिलिलिटरमागे 3 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असल्याने अंग चांगलं येतं, पण कच्च्या शेंगेसारखा वास राहतो आणि आंबट कॉफीत गुठळ्या होतात. ओट त्यातल्या त्यात बरं. मात्र ते उकळलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि पेजेसारखं बुळबुळीत होतं. शिवाय कारखान्यात एन्झाइमने स्टार्चची साखर केलेली असते, म्हणून ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं ओटही गोड लागतं.

त्यामुळे दोन कपांसाठी सव्वा कप पाण्यात आलं, गवती चहा आणि नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त चहा पावडर घालून तीन मिनिटं उकळावं. साखर निम्मीच घालावी. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप ओट वाफ दिसेपर्यंतच गरम करावं. मग गाळलेला चहा बारीक धारेने ओटमध्ये ओतावा. ओट चहात ओतू नये. आम्ल आणि उष्णता एकदम अंगावर आली की प्रथिनं गोळा होतात, हळूहळू आली तर सहन करतात. कॉफीलाही हेच लागू. जास्त भाजलेल्या बियांची कॉफी कमी आंबट असते, तीच घ्यावी. ‘बरिस्ता’ लिहिलेल्या डब्यात बऱ्याचदा आम्लता सांभाळणारा आयएनएस 340 (आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या पदार्थांचे क्रमांक) असतो, म्हणून तो सहसा फुटत नाही. कॉफीसाठी जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर त्याला द्यावेत. एवढं करूनही चहा ठीकठाकच होतो. अमृततुल्यच्या जवळपास फिरकत नाही.

चीजचं दुखणं निराळं. दुकानात मिळणारं बरंचसं व्हेगन चीज म्हणजे खोबरेल तेल, स्टार्च, मीठ आणि वास. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, त्यामुळे पिझ्झ्यावर दुधाच्या चीजला पडतात तसे तपकिरी डाग याला पडत नाहीत. डाग पडण्याची वाट बघत ओव्हनमध्ये ठेवलं की तळाचा पाव करपतो आणि वर रबरी साय धरते. ‘वितळतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा कोरड्या उष्णतेमुळे असते. स्टार्च सैल व्हायला ओलावाही लागतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या बारीक किसावं, पावावर पसरावं, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाकून झाकण ठेवावं आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ द्यावी. ओव्हन वापरायचा तर किसावर पाण्याचा हबका मारून शेवटच्या चार मिनिटांतच घालावं. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास पातळ होतं, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात दुकान ते घर एवढ्यातच पाकिटाला तेल सुटतं. असं एकदा सुटलेलं तेल फ्रिजमध्ये पुन्हा नीट मिसळत नाही. थंड पिशवी न्यावी.

काजू आंबवून केलेलं चीज हा मात्र वेगळा माल आहे. महाग आहे, वितळण्याच्या भानगडीत पडत नाही, पण आंबटसर चव खरी असते. कुरकुरीत भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीवर ते आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढं पुरतं. या अख्ख्या कप्प्यातली एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्यावी.

मांसासारख्या पदार्थांची लाट 2021 च्या सुमारास जोरात होती. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी त्याच वर्षी इमॅजिन मीट्स आणलं. उदयपूरची गुडडॉट त्याआधीपासून होती. यात दोन जाती आहेत: फ्रिजशिवाय टिकणारी पाकिटं आणि गोठवलेले नगेट्स, कबाब, खिमा. दोन्हींचा पाया बहुधा सोया, वाटाणा किंवा गव्हातलं ग्लुटेन असतो. ज्याला गहू चालत नाही त्याच्या ताटात हे वाढण्याआधी पाकीट वाचणं अत्यावश्यक आहे.

मटणासारखे तुकडे तांबड्या रश्शात छान बसतात, पण मटणाच्या रीतीने शिजवले तर वाया जातात. ते आधीच शिजलेले असतात, म्हणून कुकर नको. हाडं आणि चरबी नसल्याने रश्शाला अंग येत नाही, ते वाटणातून आणावं लागतं. 250 ग्रॅमच्या पाकिटाला नेहमीच्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात दीड चमचा तीळ आणि चमचाभर खसखस वाढवावी, तेलही चमचाभर जास्त. वाटण तेल सुटेपर्यंत परतून रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यावा, मग तुकडे टाकून मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवावं आणि गॅस बंद करून वीस मिनिटं झाकावं. मसाला आत शिरतो तो या वीस मिनिटांत. तुकड्यांत मीठ भरपूर असतं, म्हणून रश्शात निम्मं घालून शेवटी चाखावं. खारट रश्शाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. मटणासारखं आटणं नाही आणि हाडांचं वजन नाही, त्यामुळे हे पाकीट तिघांना पुरतं.

खिमा आधी कोरडाच दोन चमचे तेलात कडा लाल होईपर्यंत परतावा. टोमॅटोच्या ओल्या मसाल्यात थेट टाकला तर लगदा होतो. सीख कबाब आणि बर्गरच्या टिक्कीत बऱ्याचदा आयएनएस 461, म्हणजे मिथाइलसेल्युलोज असतं. ते गरम असताना घट्ट होतं आणि थंड झालं की सैल पडतं, आपल्या जिलेटिनच्या नेमकं उलट. म्हणून हे कबाब तव्यावरून ताटात जायला हवेत. डब्यात दिलेले दुपारी मऊ लागतात. नगेट्स वितळवू नयेत, गोठलेलेच मध्यम तापलेल्या तेलात सोडावेत, नाहीतर सुटलेल्या पाण्याने वरचं आवरण निघून येतं. घेताना पाकीट हलवून बघावं. आतले तुकडे सुटे खडखडले तर ठीक. एकच गोळा झाला असेल आणि आत बर्फाचे खडे साठले असतील, तर वाटेत कुठेतरी तो वितळून पुन्हा गोठला आहे. घरपोच आलेलं असं पाकीट दारातूनच परत करावं.

टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, नवलाईचा राहिलेला नाही, पण स्वस्त आणि खात्रीचा आहे. एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून, वितळवून, हाताने पिळून घेतला की स्पंजासारखा होतो आणि रस्सा पितो. नारळाच्या दुधाचं दही कोशिंबिरीला उत्तम, कढीला नाही. ते स्टार्च-पेक्टिनने धरलेलं असल्याने फडक्यात टांगूनही चक्का पडत नाही. श्रीखंडाचा बेत सोडावा. अंड्याऐवजी विकल्या जाणाऱ्या मुगाच्या द्रवरूप ‘अंड्या’वर खर्च करण्यात अर्थ नाही. घरच्या मुगाच्या धिरड्यात पाव चमचा पादेलोण घातलं की अंड्याचा तोच गंधकाचा वास येतो.

आइस्क्रीम नारळाच्या दुधाचं असेल तर दगडासारखं गोठतं, वाढायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवावं. व्हॅनिलात नारळ लपत नाही, चॉकलेटमध्ये लपतो, आंब्यात तो शोभतो. सॉर्बे, म्हणजे फळांचा रस गोठवून केलेलं आइस्क्रीमसारखं, बहुधा मुळातच दुधाविना असतं आणि ‘व्हेगन’ छापलेल्या डब्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण पाकिटाची मागची बाजू त्याचीही वाचावी.