हिरव्या पाण्यासाठी आयएए पावडर : बडोद्यातला माझा अनुभव

डॅफ्निया (माशांना खायला घालतात ते बारीक पाणकिडे) नाहीतर माशांची पिल्लं सांभाळणारे आणि त्यांच्या खाण्यासाठी घरीच क्लोरेला, म्हणजे पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ, वाढवणारे बडोद्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, झाडांचं एक हार्मोन) मारतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण झाडांची हार्मोन्स शेवाळालाही लागू पडतात म्हटलं की लोक मान डोलावून सोडून देतात. लागू पडतात हो! मी आयएए घेतलं, इंडोल-३-ॲसिटिक ॲसिड, झाडाच्या शेंड्यात तयार होतं तेच ऑक्सिन, म्हणजे वाढीचं हार्मोन. योग्य मात्रेत दिलं की क्लोरेलाच्या पेशी भराभर वाढतात, क्लोरोफिल आणि प्रोटीनही वाढतं.

पावडर मकरपुरा जीआयडीसीतल्या एका केमिकलवाल्याकडनं आणली. पहिलं पाकीट पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं आणि आतली पावडर चक्क गुलाबी पडलेली. आयएए उजेडात खराब होतं, चांगला माल पांढरा किंवा फिकट पिवळसर दिसतो. परत नेलं तर कुरकुर न करता ब्राउन बाटलीतलं बदलून दिलं, हे मात्र मान्य करायला हवं. पण "लिटरला चिमूटभर टाका" हा त्याचा सल्ला अजिबात ऐकू नका, चिमूट म्हणजे फारच झालं. मात्रा वाढली की वाढ उलट मंदावते.

हिशोब असा, मी धरते ती मात्रा १० मायक्रोमोलर (द्रावण किती तीव्र याचं माप), म्हणजे लिटरला फक्त १.७५ मिलिग्रॅम. एवढं घरच्या काट्यावर मोजताच येत नाही, म्हणून १७५ मिलिग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि त्यातलं १ मिलि दर लिटरला सिरिंजने टाकायचं. नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. बाकी ठिकाणी अल्कोहोल वापरतात, पण आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी, ॲब्सोल्यूट अल्कोहोल परमिटशिवाय हाती लागत नाही, तर कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाचे थोडे थेंब आधी पावडरीवर टाकायचे, मग हळूहळू पाणी. हातमोजे घालूनच. बाटलीला फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, आणि फार दिवस ठेवायचं नाही.

शेजारी दुसरी बरणी ठेवाच, तिच्यात आयएए नाही, तेवढाच कॉस्टिक. नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणारच नाही. मी दोन्हींतलं पाणी सारख्या टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन मागे पेपरचा तुकडा धरते, आयएएवाल्या ट्यूबमधनं बातमीची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा साध्या बरणीतनं ती अजून वाचता येत होती. रंगही गडद, पोपटी नाही.

आता खरं सांगायचं ते हे, की हार्मोन म्हणजे खत नव्हे. नायट्रेट संपलं असेल, पाण्यात हवा जात नसेल, ऊन पोचत नसेल तर पावडर काहीच करणार नाही. क्लोरोफिल वाढलं म्हणून प्रकाशसंश्लेषण आपोआप वाढत नाही, पाणी फार दाट झालं की वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात, तेव्हा वेळेवर थोडं काढून घ्यायचं आणि नवीन माध्यम (खत घातलेलं ताजं पाणी) घालायचं. मे महिन्यात गच्चीवर बरणी तापते ती वेगळीच, तिथे सावलीची जाळी हवी, आयएए नाही.

त्याच दुकानात कायनेटिनही मिळतं, ते सायटोकायनिन, म्हणजे पेशींचं विभाजन वाढवणाऱ्या हार्मोन्सपैकी. १९५५ मध्ये ते पहिल्यांदा हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएतनं वेगळं केलं होतं, मासेवाल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं! महाग आहे, म्हणून आधी आयएएच घ्या.

पावडरीला पाचपैकी चार, दुकानाला तीन. ५ ग्रॅमची बाटली घेऊ नका, तेवढ्यात अडीच हजार लिटरच्या वर पाणी होतं, तोवर ती टिकत नाही, १ ग्रॅमची मागा आणि ब्राउन काचेतलीच मागा. आणि ही लॅबसाठीची पावडर आहे, स्वतः खायच्या स्पिरुलिनात टाकू नका.