जकातीचा ऑनलाइन हिशेब: बेरीज चोख, तोळा चुकीचा

रमजान जवळ आला की पुण्यात कोंढव्यापासून मोमिनपुऱ्यापर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जकात (मुसलमानांनी शिल्लक मालमत्तेतून दरवर्षी द्यायचं धार्मिक दान) कॅल्क्युलेटरच्या लिंका फिरू लागतात. त्यांतल्याच एका मोफत कॅल्क्युलेटरचं हे परीक्षण. नाव देत नाही, कारण या साच्यातली बरीच कॅल्क्युलेटर सारखीच अडखळतात. रोख, सोनं, चांदी, शेअर, देणं असे रकाने भरायचे, बटण दाबायचं, आकडा हजर. बेरीज-वजाबाकी आणि अडीच टक्के यात चूक सापडत नाही. घोळ होतो तो निसाब धरताना, म्हणजे किमान किती मालमत्तेवर जकात मुळात लागू होते ते ठरवताना.

मराठी आवृत्तीत निसाब ‘साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी’ असा दिलाय. इथवर ठीक. पण खाली ग्रॅममध्ये 75 आणि 525 लिहिलंय. आज पुण्यातला कुठलाही सराफ तोळा म्हणजे 10 ग्रॅमच धरतो, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. निसाबातला तोळा मात्र जुना, बारा माशांचा, म्हणजे 11.664 ग्रॅमचा. त्या हिशेबानं सोनं 87.48 ग्रॅम आणि चांदी 612.36 ग्रॅम होते. इंग्रजी आवृत्ती उघडली तर तिथं तिसरंच माप: 85 आणि 595 ग्रॅम. ते चूक नाही. मूळ निसाब सोन्याचे 20 दिनार आणि चांदीचे 200 दिरहम या जुन्या नाण्यांतला, दिनार 4.25 आणि दिरहम 2.975 ग्रॅमचा धरला की हे आकडे येतात, आणि बऱ्याच देशांत तेच चालतात. आपल्याकडचे हनफी पंथाचे मुफ्ती, म्हणजे धर्मनिर्णय देणारे, 87.48 आणि 612.36 सांगतात. 75 आणि 525 मात्र कुणाच्याच मापात बसत नाही.

हिशेबाला सोपं म्हणून चांदी किलोला 1,00,000 रुपये धरा. खरा निसाब 61,236 रुपये, कॅल्क्युलेटरचा 52,500. जास्त लोकांनी जकात दिली तर बिघडलं कुठं, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्याकडे निसाबाइतकी शिल्लक आहे त्याला जकात घेता येत नाही. बाजूला 55,000 रुपये टाकलेली एखादी विधवा या आकड्यामुळे विनाकारण यादीतून बाद होते. वाटप करणाऱ्या कमिट्यांनी तरी हा रकाना डोळे झाकून वापरू नये.

दुसरी भानगड ‘लाइव्ह रेट’ची. हा भाव आंतरराष्ट्रीय बाजारातला, डॉलरमधला. 31.1035 ग्रॅमच्या औंसाचा दर रुपयांत फिरवून दाखवतात, त्यात आपलं आयात शुल्क नसतं. साहजिकच लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाच्या पाटीपेक्षा तो कमी दिसतो. सुदैवानं भाव हातानं भरायची सोय आहे, तीच वापरा. त्या दिवशीचा पुण्याचा भाव घ्या. घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी त्यात मिळवू नका. वर्षाचा सरासरी भावही नको, जकातीचं वर्ष पुरं होतं त्या दिवसाचाच हवा.

दागिन्यांच्या रकान्यात कॅरेट विचारलेलंच नाही, सगळं 24 कॅरेट धरलंय. समजा 60 ग्रॅमचा हार आहे, त्यात 4 ग्रॅमचे खडे, सोनं 22 कॅरेट. उरलेल्या 56 ग्रॅमला 0.916 नं गुणलं की शुद्ध सोनं साधारण 51.3 ग्रॅम. दहा ग्रॅमला 1,00,000 भाव धरला तर जकात 12,824 रुपयांच्या आसपास येते. कॅल्क्युलेटर 15,000 दाखवतं. उपाय सोपा आहे: खडे आणि आत भरलेली लाख वजा करून वजन भरा आणि भावाच्या जागी 22 कॅरेटचा भाव टाका. पैंजण, ताट-वाटी यांच्या चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, वेगवेगळा असतो, तो सराफाकडून एकदा तपासून घेतलेला बरा.

पंथ विचारत नाही, हे आणखी एक. पुण्यात स्थायिक झालेली कोकणी कुटुंबं बहुतेक शाफई. त्यांच्याकडे बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफींकडे आहे. एवढा एक प्रश्न सुरुवातीला टाकला असता तर शंका विचारणारे निम्मे फोन वाचले असते.

फक्त सोनंच असेल, बाकी छदामही नसेल, तर हनफी हिशेबात 87.48 ग्रॅमपर्यंत जकात नाही. सोबत थोडीशी रोकड असली तरी सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडतात. कॅल्क्युलेटर निसाबासाठी सोनं की चांदी असा पर्याय देतं आणि आपोआप सोनं निवडून ठेवतं. पाच तोळे सोनं आणि बँकेत वीस हजार असलेला माणूस तिथं ‘जकात लागू नाही’ वाचून निर्धास्त होतो.

भिशीला रकानाच नाही! नंबर लागायच्या आधी भरलेले हप्ते म्हणजे तुमचं येणं, ते मालमत्तेत धरा. भिशी उचलून झाली असेल तर उरलेले हप्ते देण्यात. गृहकर्जाची पूर्ण बाकी मात्र देण्यात टाकू नका. थकलेले हप्ते वजा होतात, पुढचे किती वजा करायचे याबद्दल मतं वेगळी आहेत, मौलानांना विचारा. उंड्रीत विकण्यासाठीच घेतलेल्या फ्लॅटची आजची बाजारकिंमत धरायची. भाड्यानं दिलेल्या घराची किंमत नाही, त्याचं साठलेलं भाडं तेवढं. ही तफावत कॅल्क्युलेटरच्या ‘प्रॉपर्टी’ या एका शब्दात पार हरवते.

वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. 31 मार्चला ताळेबंद करणारे व्यापारी सौर वर्ष धरत असतील तर दर 2.577 टक्के लागतो. ही सोय मात्र इथं आहे आणि नीट चालते, शाबास.

पाचपैकी अडीच तारे. आगाऊ दिलेली जकात वजा करायची जागा नाही, म्हणून वर्षभर थोडी थोडी देणाऱ्यांनी तारीख आणि रक्कम वहीत लिहून शेवटच्या आकड्यातून हातानं वजा करावी.