पेशी आणि जनुकांची उजळणी फ्लॅशकार्डांवर: सात महिन्यांनंतर

बारावीनंतर जीवशास्त्राशी माझा संबंध सुटला तो सुटलाच. मग कामात जनुकीय डेटा यायला लागला. मीटिंगमध्ये कोणी 'हेटरोझायगस' (म्हणजे एकाच जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असलेला) म्हटलं की मी मान डोलवून वेळ मारून न्यायचे. शेवटी फ्लॅशकार्डांचा एक तयार संच घेतला. विषय प्राथमिक पेशीविज्ञान आणि आनुवंशिकी, कार्डं साधारण 1,400, आणि जे चुकेल ते ॲप लवकर पुन्हा समोर आणतं. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आज साडेतीन देतेय, तेही पेशीविज्ञानाच्या जिवावर.

कारण नावं पाठ करायला याला तोड नाही. लयकारिका (लायसोसोम) काय करते, गॉल्जी पिंडातून प्रथिनं पुढे कुठे जातात, 64 कोडॉनपैकी (डीएनएच्या तीन-तीन अक्षरांचे संकेत) 'थांबा' सांगणारे 3 कोणते, हे सगळं दीड महिन्यात जिभेवर आलं. काही कार्डं तर एकमेकांना भेटली. एकावर होतं की माणसाच्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रिया) स्वतःचा 16,569 अक्षरजोड्यांचा डीएनए असतो आणि त्यात 37 जनुकं. दुसऱ्यावर, त्यातली फक्त 13 प्रथिनांची. मग बाकीची शेकडो प्रथिनं? ती केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि आत आणली जातात. हे कुठल्याच कार्डावर नव्हतं, पण प्रश्न पडला तो कार्डांमुळेच.

सुरुवातीला मी रोज 40 नवी कार्डं घ्यायचे. करू नका. आठ दिवस बाहेर गेले आणि परत आल्यावर 612 कार्डं वाट बघत बसलेली. तेव्हापासून रोज 10, बस्स.

आता तक्रारी. मराठी भाषांतर एकहाती झालेलं दिसत नाही. एकीकडे गुणसूत्र, दुसरीकडे रंगसूत्र, तिसरीकडे सरळ क्रोमोसोम. हे चाललं असतं. पण क्रोमॅटिडला (प्रत निघाल्यावर गुणसूत्रात जोडून राहिलेल्या दोन सारख्या धाग्यांपैकी एक) 'अर्धगुणसूत्र' आणि मिऑसिसला (अंडपेशी, शुक्रपेशी बनवणारं विभाजन) 'अर्धगुणसूत्री विभाजन' म्हटलंय, त्यामुळे या विभाजनात अर्धगुणसूत्रं वेगळी होतात असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. पहिल्या टप्प्यात नेमकं उलटं होतं, ती जोडलेलीच राहतात. शिवाय एका ग्लुकोजमागे किती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू), याची दोन कार्डं आहेत. एक म्हणतं 38, दुसरं 30 ते 32. दोन्ही 'बरोबर'! जुना आकडा एका एनएडीएचमागे (ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) 3 एटीपी धरून काढलेला होता. मोजमापांवरून आता साधारण अडीच धरतात. एवढी एक ओळ टाकली असती तर काम झालं असतं. चार महिन्यांपूर्वी कळवलं, उत्तर नाही.

खरी फजिती मात्र गुणसूत्रं मोजताना झाली. 'डीएनएची प्रत निघाल्यावर माणसाच्या पेशीत किती गुणसूत्रं?' उत्तर 46. हे मी इतक्यांदा बरोबर दिलं की ॲपने ते कार्ड तीन महिने पुढे ढकललं. मग ऑफिसातल्या एकीने सहज विचारलं, "डीएनए दुप्पट झाला, मग गुणसूत्रं का नाही?" मी गप्प.

त्या रात्री लोकर आणि टिचबटणं काढून बसले. लाल धागे आईकडचे, निळे बाबांकडचे; एक जोडी लांब, एक आखूड. प्रत काढायची म्हणजे त्याच रंगाचा, त्याच लांबीचा दुसरा धागा घ्यायचा आणि टिचबटणाने पहिल्याला जोडायचा. धागे झाले आठ, पण लागलेली बटणं चारच. गुणसूत्रं म्हणजे बटणं मोजायची, धागे नाही! साध्या विभाजनात बटणं उघडतात. मिऑसिसच्या पहिल्या टप्प्यात ती लागलेलीच राहतात, लाल आणि निळा जोडीदार एकमेकांपासून दूर जातात. बटणं उघडतात ती दुसऱ्या टप्प्यात. लांब लाल धाग्याबरोबर आखूड लाल जाईल की आखूड निळा, हे प्रत्येक वेळी नाणेफेकीसारखं. मेंडेलच्या 556 वाटाण्यांत 315 गोल पिवळे, 101 सुरकुतलेले पिवळे, 108 गोल हिरवे आणि 32 सुरकुतलेले हिरवे अशी वाटणी का झाली, ते मला टेबलावर पसरलेल्या लोकरीत दिसलं. कार्डावर '9:3:3:1' एवढंच होतं.

आनुवंशिकीचा भाग असाच कच्चा आहे. 'प्रभावी म्हणजे काय?' या कार्डाचं उत्तर, 'दुसऱ्याला दाबून टाकणारं'. वाचलं की दोन जनुकांची कुस्तीच डोळ्यांपुढे येते. सुरकुतलेल्या वाटाण्याचंच बघा. त्याच्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात डीएनएचा जादा तुकडा घुसलेला असतो, हे 1990 मध्ये कळलं. एन्झाइम नीट बनत नाही, स्टार्च कमी आणि साखर जास्त राहते, दाणा जास्त पाणी ओढतो आणि वाळताना आकसतो. दोनपैकी एक प्रत धड असली तरी दाणा गोल व्हायला ती पुरते. कोणी कोणाला दाबत नाही. आणि अशा एक धड, एक बिघडलेली प्रत असलेल्या मिश्र दाण्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते अधल्यामधल्या घडणीचे निघतात. म्हणजे नुसत्या डोळ्यांना जो गुण पूर्ण प्रभावी, तोच भिंगाखाली अपुरा प्रभावी! हे वाचल्यावर ते कार्ड मी खोडलं आणि स्वतःचं लिहिलं: 'एक प्रत पुरते का? कशासाठी?'

आतापर्यंत 500च्या वर कार्डं उडवलीत, जवळपास सगळी आनुवंशिकीतली. पेशीविज्ञानाची ठेवलीत. ज्याला परीक्षेपुरती नावं हवीत त्याने संच बिनधास्त घ्यावा. ज्याला गणितं सोडवायची आहेत त्याने आधी लोकर घ्यावी. जनुकांमधली अंतरं मोजायचं प्रकरण (जोडीदार गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल किती वेळा होते, त्यावरून) माझं अजून अर्धवट आहे. लाल-निळ्या धाग्यांची टोकं कापून अदलाबदल करायला घेतली, तर घरातली कात्रीच सापडेना.

38 एटीपीवालं कार्ड परवा पुन्हा आलं. मी 'चूक' दाबते, ॲप ते दुसऱ्या दिवशी परत आणतं.