सर्जरीचा थिसिस: जुने केसपेपर की नवे रुग्ण?

कोल्हापुरात एम.एस. सर्जरी करणाऱ्या निवासी डॉक्टरला थिसिसचा विषय ठरवताना एक निवड करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा संसर्ग आणि मधुमेह, तंबाखू, रक्तक्षय यांसारखे जोखमीचे घटक अभ्यासायचे, तर रेकॉर्ड रूममधील जुने केसपेपर काढून रेट्रोस्पेक्टिव्ह अभ्यास करावा, की यापुढे दाखल होणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवत प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास करावा?

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात ड्युटी सांभाळून काम करायचे असल्याने पहिला मार्ग सोयीचा वाटतो, आणि वेळेच्या हिशेबात तो खरोखरच सोयीचा आहे. अडचण आहे ती केसपेपरवर जे लिहिलेच गेले नाही त्याची. तंबाखूची नोंद नसेल, तर रुग्ण तंबाखू घेत नाही असे धरायचे, की त्याला कोणी विचारलेच नाही असे? आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या कित्येक स्त्रिया ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्रीविषयी वेगळे विचारले तरच ती माहिती मिळते, आणि जुन्या कागदाला नवा प्रश्न विचारता येत नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी) तपासणीही बहुधा मधुमेहाची शंका असलेल्यांचीच झालेली असते, त्यामुळे तुलनेचा दुसरा गट मुळातच अपुरा राहतो.

त्याहून गंभीर अडचण परिणामाच्या नोंदीची आहे. अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या प्रचलित व्याख्येनुसार वरवरच्या जखमेतील संसर्गासाठी 30 दिवस, तर हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या खोल संसर्गासाठी 90 दिवस लक्ष ठेवावे लागते. चंदगड किंवा गगनबावड्याचा रुग्ण मात्र काही दिवसांत घरी जातो, आणि पुढे जखमेतून पू आला तर गावातल्याच डॉक्टरांना दाखवतो. रुग्णालयाच्या कागदावर मात्र तो बरा झालेला असतो. असे आकडे मांडले, तर संसर्गाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणारच.

म्हणून जखमेच्या संसर्गासाठी माझा स्पष्ट कल प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यासाकडे आहे. मात्र फॉलो-अपची सोय आधी करावी. रुग्णासोबत एका नातेवाइकाचाही फोन नंबर घ्यावा, आणि पावसाळ्यात पंचगंगेला पूर येऊन रस्ते बंद होतात हे धरूनच फोनवर विचारायचे ठरावीक प्रश्न तयार ठेवावेत. जे रुग्ण संपर्कात राहिले नाहीत, त्यांची संख्या थिसिसमध्ये द्यावी.

रुग्णसंख्येचे गणितही आधीच मांडावे. समजा 200 शस्त्रक्रिया नोंदवल्या आणि दहा टक्के रुग्णांना संसर्ग झाला, तर हाती 20 घटना येतात. एका घटकामागे किमान दहा घटना असाव्यात, या जुन्या ठोकताळ्याने लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा परिणामाशी संबंध एकत्र तपासण्याच्या सांख्यिकी पद्धतीत) दोनच घटक बसतात. तिथे बारा घटक घालून ‘पी’चे मूल्य (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने येणे कितपत शक्य आहे, हे सांगणारा आकडा) शोधत बसणे मला रुग्णांच्या माहितीवर अन्याय वाटतो.

आतड्याचा जोड सुटणे किंवा शस्त्रक्रियेनंतरचा मृत्यू असा विरळ परिणाम निवडला असेल, तर मात्र पारडे फिरते. एका विद्यार्थ्याच्या मुदतीत अशा घटना पुरेशा घडत नाहीत, त्यामुळे अनेक वर्षांचे केसपेपरच उपयोगी पडतात. अशा वेळी गाइडशी विषय पक्का करण्यापूर्वी थोडे केसपेपर काढून हवी ती माहिती किती कागदांवर सापडते हे मोजावे.

एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्हीकडे माहिती गोळा करण्याआधीच घ्यावी. जुन्या नोंदींसाठी रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती देण्याचा अधिकार कमिटीचा आहे आणि त्यासाठी प्रस्तावात कारण देऊन विनंती करावी लागते.