हस्तमुद्रांचा चार्ट: नावं पाठ होतात, हात बसत नाही (५ पैकी ३ स्टार)

मुलगी भरतनाट्यम शिकते, गांधर्व महाविद्यालयाची नृत्याची परीक्षा तोंडावर आलीये आणि नाशिकच्या गंगापूर रोडचा क्लास आठवड्यातून दोनदाच, म्हणून घरी बघायला काहीतरी हवं होतं. मेनरोडला एका स्टेशनरीच्या दुकानात हा लॅमिनेटेड चार्ट मिळाला, कंपनीचं नाव घेत नाही. पुढे २८ असंयुत (एका हाताचे) हस्त म्हणजे मुद्रा, मागे २३ संयुत (दोन्ही हातांचे), म्हणजे 'अभिनयदर्पण' या जुन्या नृत्यग्रंथाचा हिशोब. (भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात असंयुत २४ आणि संयुत १३ आहेत, तेव्हा दुसऱ्या पुस्तकात आकडा वेगळा दिसला तर घाबरू नका.)

छपाई छान, नावं शुद्ध, अगदी 'ताम्रचूड' सुद्धा नीट छापलंय. पोरगी येता-जाता मुद्रांच्या नावांचा श्लोक, 'पताकस्त्रिपताकोऽर्धपताकः', सुरू करते, आता सासूबाईंनाही अर्धा श्लोक येतो.

पण फोटो! सगळेच्या सगळे समोरून काढलेत. सर्पशीर्षात बोटं पताकासारखीच (पताका म्हणजे सरळ उघडा पंजा) जुळलेली, फक्त टोकं जराशी पुढे वाकलेली, आता ते वाकणं समोरून दिसणार कसं, दोन्ही चौकोन जुळे भाऊ वाटतात. मृगशीर्षाचं तर विचारूच नका, मधली तीन बोटं कॅमेऱ्याकडेच वळलेली त्यामुळे अंगठा आणि करंगळी तेवढी कळते. शिखर (मूठ वळून अंगठा वर) आणि कपित्थात सगळा खेळ तर्जनी अंगठ्याच्या टोकावर येते की नाही एवढाच, आणि फोटोत नेमकी तिथेच सावली!! पोरीने चार्ट बघून कपित्थ म्हणून चक्क शिखर केलं, शेवटी क्लासच्या ताईंनी बोट धरून वाकवून दाखवलं.

दुसरं म्हणजे विनियोग, म्हणजे कुठल्या मुद्रेने काय काय दाखवतात ते, जवळजवळ नाहीतच. पताकाखाली नुसतं 'झेंडा' लिहिलंय, झालं. अहो, त्याच हाताने ढग, वन, नदी, रात्र, घोडा, वारा, 'नको' म्हणणं, सगळं दाखवतात, हालचाल आणि नजर बदलली की अर्थ बदलतो. मयूर हस्ताने मोराची मान दाखवतात तसा कपाळाला टिळाही लावतात. खाली एकेक ओळ वाढवली असती तर काय बिघडलं असतं, जागा भरपूर होती, तिथे कमळाची नक्षी काढून ठेवलीये.

शिकवायला कोणी असेल आणि फक्त नावं, क्रम घोटवायचा असेल तर घ्या. नुसतं बघून शिकणार असाल तर पैसे वाचवा. आणि हो, भिंतीला चिकटवू नका, मागचे संयुत हस्त कायमचे गायब होतात. आम्ही वर भोकं पाडून दोरीने दाराला टांगलाय.