गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिलं धावणं: ट्रेडमिल की रस्ता?

फिजिओने धावायला परवानगी दिली, आता सुरुवात कुठे करू, असं एका मैत्रिणीने विचारलं. परवानगी मिळाली हे महत्त्वाचं. लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) नव्याने बसवलं असेल तर ती मिळायला साधारण 3 ते 4 महिने लागतात, कधी जास्तही.

नियंत्रणात ट्रेडमिल सरस. वेग ठरलेला, पृष्ठभाग सपाट, आणि 1 मिनिट धावणं, 2 मिनिटं चालणं हे गणित नीट पाळता येतं. दुखलं की तिथेच थांबायचं. रस्त्यावर मात्र दुखऱ्या गुडघ्याने परत चालत यावं लागतं.

पण खड्डे, वळणं, उतार यांची सवय पट्ट्यावर होत नाही. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेक लावावा लागतो आणि गुडघ्यावर ताण वाढतो. म्हणून उतार अगदी शेवटी.

खर्च म्हणाल तर रस्ता फुकट. बूट दोन्हीकडे लागतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघा. गुडघ्याच्या वाटीच्या कडेची खळगी भरलेली दिसली, म्हणजे सूज आली, तर आदल्या दिवशीचं धावणं जास्त झालं.

भीती वाटत असेल किंवा वेग आवरत नसेल, तर ट्रेडमिल. चालणं-धावणं सूज न येता जमत असेल आणि पुढे बाहेरच पळायचं असेल, तर सपाट मैदान.